मोफत म्हणजे मुक्त नव्हे

(पनवेल येथे सामाजिक संस्थांचे कार्यकर्ते आणि पालक यांच्यासमोर एका संगणक अभियंत्याने दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



आजच्या कार्यक्रमाची पत्रिका वाचून आमच्या शेजारच्या काकू मला म्हणाल्या, "परवाना म्हटले की गाडीचा आठवतो, बंदुकीचा आठवतो, रेशनच्या दुकानाचा आठवतो. संगणकातल्या प्रोग्रॅमला कसला आलाय परवाना?" मी त्यांना विचारले, "काकू, तुमच्या मोबाईलवर 'मला मान्य आहे' असे बटण तुम्ही आजवर किती वेळा दाबलेत?" त्या म्हणाल्या, "ते दाबल्यावाचून पुढे जाताच येत नाही, म्हणून दाबते. काय मान्य केले ते देवाला ठाऊक!" काकूंनी अगदी प्रांजळपणे सांगितले. या सभागृहातील आपणा सर्वांची अवस्था त्याहून वेगळी नाही, आणि वीस वर्षांपूर्वी माझीही नव्हती. मी तर या व्यवसायातला माणूस होतो. म्हणून आरंभ माझ्याच चुकीपासून करतो.

२००४ सालच्या उन्हाळ्यात आम्ही पाच-सहा मित्रांनी एक उपक्रम हाती घेतला. मुंबईतल्या कचेऱ्यांनी टाकून दिलेले संगणक आणायचे, त्यांची डागडुजी करायची आणि कर्जत, सुधागड, पेण या तालुक्यांतील वाड्यापाड्यांवरच्या शाळांना ते द्यायचे. संगणकाबरोबर एक सीडीही द्यायची असे ठरले. त्या सीडीवर तीन गोष्टी होत्या. एक, ओपनऑफिस हा लेखनाचा आणि हिशेबाचा संच. दोन, मराठी टंकलेखन शिकवणारा, आम्ही स्वतः लिहिलेला एक छोटा प्रोग्रॅम. आणि तीन, एका परिचित छापखान्यातून मिळालेले आठ-दहा सुंदर मराठी फॉन्ट. छापखान्याचे मालक मोठ्या मनाचे गृहस्थ. "शाळेसाठी आहे ना? मग घेऊन जा," असे म्हणून त्यांनी ते फॉन्ट आमच्या हवाली केले. आम्ही चाळीस सीडी तयार केल्या, शाळांना वाटल्या, पेढे खाल्ले.

चार-पाच महिन्यांनी दोन पत्रे आली.

पहिले पत्र त्या फॉन्टच्या कंपनीचे होते. तुम्ही आमचे फॉन्ट आमच्या अनुमतीवाचून प्रती काढून वाटत आहात, छापखान्याला दिलेला परवाना हा त्यांच्या ठरावीक संगणकांपुरताच होता, तो इतर कोणास देण्याचा अधिकार त्यांनाही नव्हता, असे त्यात लिहिले होते. धमकी नव्हती. पत्र अत्यंत सभ्य होते आणि त्यामुळेच ते अधिक लागले. देवनागरीचा एक फॉन्ट घडवायचा म्हणजे स्वर, व्यंजने, मात्रा आणि जोडाक्षरे धरून शेकडो आकृती एकेक करून रेखाटाव्या लागतात. कोणाच्या तरी डोळ्यांचे आणि बोटांचे ते श्रम होते. आम्ही ते दुसऱ्याच्या अंगणातील फुले तोडून देवाला वाहावीत तसे वाहून मोकळे झालो होतो.

दुसरे पत्र एका शाळेतील गुरुजींचे होते. त्यांनी लिहिले होते की, "तुमच्या प्रोग्रॅममध्ये मुलांना 'दुसऱ्या', 'वाऱ्यावर' हे शब्द लिहिता येत नाहीत. 'ऱ्य' उमटतच नाही. आमचा एक माजी विद्यार्थी अभियांत्रिकीला आहे, तो दुरुस्त करू म्हणतो. कृपया प्रोग्रॅमचे मूळ लिखाण पाठवून द्यावे." मूळ लिखाण म्हणजे ज्याला आम्ही सोर्स कोड म्हणतो ते. संगणक चालवतो ते त्याचे यंत्राला कळणारे रूप, आणि माणूस वाचू शकतो, बदलू शकतो ते मूळ लिखाण. ते आमच्याकडे नव्हते! ज्या मित्राने ते लिहिले, त्याच्या संगणकाची हार्ड डिस्क बिघडली होती आणि प्रत कोणीच ठेवली नव्हती. यात केवळ निष्काळजीपणा असता तर क्षमा तरी झाली असती. परंतु आमच्या प्रोग्रॅममध्ये जीपीएल या परवान्याखाली मिळालेला एक घटक आम्ही गुंफला होता. तो परवाना म्हणतो की, वाटणाऱ्याने मूळ लिखाण सोबत द्यावे, किंवा मागेल त्याला ते देण्याचे किमान तीन वर्षांचे लेखी वचन तरी द्यावे. म्हणजे गुरुजी आमच्याकडे उपकार मागत नव्हते, स्वतःचा हक्क मागत होते. जे आमचे नव्हते ते आम्ही वाटले, आणि जे देण्यास आम्ही बांधील होतो ते देऊ शकलो नाही. एकाच सीडीवर दोन्ही अपराध!

त्या दिवसापासून मी परवाने वाचू लागलो. त्या वाचनातून जे हाती लागले, तेच आज आपणासमोर ठेवतो आहे.

मूळ गोष्ट कायद्याची. आपल्या देशाचा स्वामित्वहक्क कायदा १९५७ सालचा. १९८४ च्या दुरुस्तीने संगणकाचा प्रोग्रॅम हा 'साहित्यकृती' या व्याख्येत आला आणि १९९४ च्या दुरुस्तीने त्याविषयीचे नियम अधिक स्पष्ट झाले. म्हणजे कायद्याच्या दृष्टीने कादंबरी आणि प्रोग्रॅम एकाच पंक्तीला बसतात. एखादी कादंबरी तुम्ही ग्रंथालयातून आणलीत, वाचलीत, तरी तिच्या हजार प्रती छापण्याचा अधिकार तुम्हाला मिळत नाही. प्रोग्रॅमचेही तसेच. कोणी काही न लिहिता नुसताच एखादा प्रोग्रॅम इंटरनेटवर ठेवला, तर 'काही लिहिलेले नाही म्हणजे सर्व मोकळे' असा आपला समज असतो. प्रत्यक्षात उलटे आहे. काही लिहिलेले नसेल तर सर्व हक्क लिहिणाऱ्याकडेच राहतात. परवाना म्हणजे त्या हक्कांपैकी काही त्याने आपणहून, काही अटींवर, आपल्याला देणे.

याच कायद्याच्या ५२ व्या कलमात रीतसर घेतलेल्या प्रोग्रॅमची, हानीपासून संरक्षण म्हणून, राखीव प्रत काढण्याची मुभा आहे. आणि ६३-ब या कलमात, चोरीची प्रत आहे हे ठाऊक असून ती संगणकावर चालवणाऱ्याला किमान सात दिवस ते तीन वर्षे कारावास आणि पन्नास हजार ते दोन लाख रुपये दंड सांगितला आहे. नफ्याचा किंवा व्यापाराचा हेतू नसेल तर न्यायालय सकारण कारावास टाळू शकते, पण पन्नास हजारांपर्यंत दंड तरीही होऊ शकतो. हे मुद्दाम सांगतो, कारण 'आमची संस्था सेवाभावी आहे, आम्हाला कोण विचारतो' हे वाक्य मी अनेक कार्यालयांत ऐकले आहे. संगणक घेताना दुकानदार 'सगळे टाकून देतो' म्हणतो. त्या 'सगळे' मध्ये काय काय आहे आणि त्याची पावती आहे काय, हे आपण विचारीत नाही. घरी मुलांना सचोटीचे धडे द्यायचे आणि त्यांच्याच समोर कुलूप तोडलेला प्रोग्रॅम बसवून घ्यायचा, हे बरे नव्हे.

आता 'मोफत' आणि 'मुक्त' या दोन शब्दांकडे येऊ. पनवेलकरांना यासाठी दूर जावे लागत नाही. आपल्या गावात १८७२ पासून धूतपापेश्वरचा औषधनिर्मितीचा व्यवसाय उभा आहे. च्यवनप्राशाचा पाठ चरकसंहितेत आहे. तो कोणा एकाच्या मालकीचा नाही. योग्य तो सरकारी परवाना घेऊन कोणताही वैद्य किंवा कारखाना त्या पाठाप्रमाणे औषध सिद्ध करू शकतो. परंतु आपल्या डब्यावर दुसऱ्याचे नाव आणि बोधचिन्ह लावून तो विकू शकत नाही. पाठ सर्वांचा, नाव ज्याचे त्याचे. शिवाय पाठ मुक्त आहे म्हणून डबा फुकट मिळत नाही. त्याचे पैसे आपण आनंदाने मोजतो. उलट एखादी कंपनी नमुना म्हणून चूर्णाची पुडी फुकट वाटते आणि त्यात काय आहे ते सांगत नाही. ती पुडी मोफत आहे, मुक्त नाही.

संगणकाच्या जगात हा भेद ठामपणे मांडला तो अमेरिकेतील रिचर्ड स्टॉलमन यांनी. १९८३ मध्ये त्यांनी ग्नू या प्रकल्पाची घोषणा केली आणि १९८९ मध्ये जीपीएल या परवान्याची पहिली आवृत्ती निघाली. दुसरी १९९१ ची, तिसरी २००७ ची. या परवान्याची युक्ती मोठी विलक्षण आहे. त्यात स्वामित्वहक्क सोडून दिलेला नाही, उलट त्याच हक्काच्या बळावर अट घातली आहे: हा प्रोग्रॅम कोणत्याही कामासाठी चालवा, अभ्यासा, बदला, वाटा, हवे तर विका, पण वाटाल तेव्हा घेणाऱ्यालाही हेच सर्व हक्क आणि मूळ लिखाण द्या. स्वतःच्या घरात, स्वतःच्या कार्यालयात तो नुसता चालवणाऱ्यावर जवळपास कोणतेही बंधन नाही. बंधन सुरू होते ते दुसऱ्याच्या हाती प्रत देताना. 'चालवणे' आणि 'वाटणे' यांतील हा फरक ज्याला कळला त्याला निम्मा विषय कळला. आम्हाला २००४ मध्ये तो कळला नव्हता. आमच्या स्वतःच्या खोलीत ती सीडी अगदी निर्दोष नसली तरी बरीच निर्दोष होती. ती कर्जतच्या गाडीत चढली आणि दोषी ठरली.

'अशा अटींना न्यायालयात कोण विचारतो?' असे मला एका वकील मित्राने तेव्हा विचारले होते. त्याचे उत्तर पुढे २००८ मध्ये अमेरिकेतील एका अपील न्यायालयाने दिले. खटला होता खेळण्यातील आगगाड्या चालवण्याच्या सॉफ्टवेअरचा! रॉबर्ट जेकबसन हे भौतिकशास्त्रज्ञ. त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी छंद म्हणून हे सॉफ्टवेअर लिहिले आणि मुक्त परवान्याखाली ठेवले. कॅट्झर नामक व्यावसायिकाने त्यातला भाग मूळ लेखकांची नावे न देता आपल्या उत्पादनात वापरला. फुकट वाटलेल्या वस्तूच्या अटी मोडल्या तर फार तर कराराचा भंग, स्वामित्वहक्काचा नव्हे, असा बचाव झाला. अपील न्यायालयाने तो अमान्य केला. पैसे घेतले नाहीत म्हणून अटी पोकळ होत नाहीत, असा त्या निकालाचा आशय होता. त्याआधी २००३ मध्ये लिंक्सिस कंपनीच्या, घरात इंटरनेटसाठी वापरतात तशा, राउटरमध्ये जीपीएलखालील लिनक्स आहे हे जाणकारांनी उघड केले, तेव्हा कंपनीला मूळ लिखाण प्रसिद्ध करावे लागले. त्यातूनच पुढे ओपनडब्ल्यूआरटी हा मुक्त प्रकल्प उभा राहिला आणि जगभर वापरला गेला.

नेरळचा फलाट

आता विषयातील अवघड घाट. दोन परवाने एकमेकांशी जुळतात की नाही हा प्रश्न.

माथेरानला जाताना आपण नेरळला उतरतो. मुख्य मार्गावरचे रूळ साडेपाच फूट रुंदीचे आणि १९०७ पासून धावणाऱ्या छोट्या गाडीचे रूळ दोन फुटांचे. दोन्ही गाड्या उत्तम, दोन्ही रेल्वेच्याच, पण एकीचा डबा दुसरीला जोडता येत नाही. प्रवाशाला फलाटावर उतरून दुसऱ्या गाडीत बसावेच लागते. परवान्यांचेही असेच रूळ असतात. दोन घटक तांत्रिकदृष्ट्या एकमेकांत छान बसतात, प्रोग्रॅम चालतोही. तरीही दोहोंच्या अटी एकाच वेळी पाळणे अशक्य असल्यामुळे तो जोडलेला प्रोग्रॅम वाटता येत नाही.

आमच्या सीडीवर नेमके हेच झाले होते. टंकलेखनाच्या प्रोग्रॅममधला एक घटक जीपीएलचा. तो म्हणतो, सगळ्याचे मूळ लिखाण द्या. आणि कळफलक ओळखणारी दुसरी फाईल त्याच खासगी फॉन्टसंचातली. तिचा परवाना म्हणतो, आतले काही उघडू नका, पुढे देऊ नका. मित्राची हार्ड डिस्क शाबूत असती तरी आम्ही सुटलो नसतो. एकाची अट पाळावी तर दुसऱ्याची मोडते. अशा पेचाविषयी जीपीएलच्या दुसऱ्या आवृत्तीत स्पष्ट सांगितले आहे: दोन्ही बंधने एकत्र पाळता येत नसतील तर मुळीच वाटू नका.

हा पेच केवळ 'खासगी विरुद्ध मुक्त' असाच असतो असे समजू नका. मुक्त परवान्यांतही भाऊबंदकी आहे. लिनक्सचा गाभा हा जीपीएलच्या केवळ दुसऱ्या आवृत्तीखाली आहे. तिसऱ्या आवृत्तीखालील लिखाण त्यात मिसळता येत नाही. एकाच परवान्याची दोन भावंडे, पण एका ताटात जेवत नाहीत! लिनक्सने तिसरी आवृत्ती का स्वीकारली नाही? एक तर त्याचे जनक लिनस टोरव्हाल्ड्स यांना तिच्यातील काही अटी पटल्या नाहीत. आणि पटल्या असत्या तरी ज्या हजारो लोकांनी त्यात लिखाण केले, त्यांच्यापैकी प्रत्येकाचा हक्क त्याच्याकडेच आहे. सर्वांची संमती गोळा करणे जवळपास अशक्य होते. अपाची परवान्याची २००४ ची दुसरी आवृत्ती घ्या. मुक्त सॉफ्टवेअरवाल्यांच्या मते ती जीपीएलच्या तिसऱ्या आवृत्तीशी जुळते, दुसरीशी जुळत नाही, कारण तिच्यातील पेटंटविषयक अटी दुसरीत बसत नाहीत. आपण बँकेचे संकेतस्थळ उघडतो तेव्हा कुलपाचे चित्र दिसते. त्यामागे अनेकदा ओपनएसएसएल हा घटक काम करीत असतो. त्याच्या जुन्या परवान्यात एक जाहिरातीची अट होती: जाहिरातीत आमचा उल्लेख करा. एवढ्याशा ओळीमुळे जीपीएलच्या प्रोग्रॅमांना तो जोडताना वेगळी सवलत लिहावी लागे. जुन्या लेखकांना शोधून, संमती मिळवून, अखेर सप्टेंबर २०२१ मधील ३.० या आवृत्तीपासून त्याचा परवाना बदलला. एका ओळीसाठी वर्षानुवर्षांचा पत्रव्यवहार!

अक्षरांची कोंडी

हे सर्व परदेशातले झाले. आपल्या मायमराठीच्या अक्षरांवर यातले काय काय गुदरले आहे ते पाहू.

ज्यांनी नव्वदच्या दशकात स्मरणिका, लग्नपत्रिका, संस्थेचे अहवाल छापून घेतले, त्यांना श्रीलिपी, आकृती, आयएसएम ही नावे ठाऊक असतील. या संचांनी मराठी मुद्रणाचे रूप पालटले, याबद्दल त्यांचे ऋण मानलेच पाहिजे. परंतु प्रत्येकाची अंतर्गत मांडणी निराळी. एका संचात ज्या क्रमांकावर 'क' बसवला, त्याच क्रमांकावर दुसऱ्यात वेलांटी. त्यामुळे मजकूर एका संगणकावरून दुसऱ्यावर नेला आणि तोच फॉन्ट तिथे नसला की कागदावर चिन्हांचा कचरा. फॉन्ट न्यावा तर परवाना आडवा. तंत्राची विसंगती आणि परवान्याची विसंगती हातात हात घालून आली ती अशी. वस्तुतः १९९१ मध्येच भारतीय मानक ब्यूरोने इस्की हे भारतीय लिप्यांसाठीचे मानक प्रसिद्ध केले होते, आणि त्याच्या आधीच्या १९८८ च्या आराखड्यावर युनिकोडमधील देवनागरीची मांडणी आधारलेली आहे. आज जगातल्या कोणत्याही संगणकात 'क' चा क्रमांक तोच असतो. पण मानक आले म्हणजे ते छापखान्यापर्यंत पोहोचले असे होत नाही. आपल्यापैकी कित्येकांच्या संस्थांचे पंचवीस-तीस वर्षांचे लिखाण आजही त्या जुन्या मांडणीत अडकून पडले आहे.

विंडोज २००० पासून मंगल हा युनिकोड फॉन्ट आला. तो घडवला तो र. कृ. जोशी यांनी, आपल्या मराठी कवीने आणि सुलेखनकाराने. पण म्हणून तो आपल्या घरचा झाला असे नाही. तो विंडोजबरोबर येतो आणि विंडोजच्या अटींनी बांधलेला आहे. उचलून लिनक्सच्या संगणकावर नेऊन ठेवावा तर तीच चूक पुन्हा.

मग आपल्या भाषेला निर्वेध वापरता येईल असा फॉन्ट कोणता? एकविसाव्या शतकाच्या आरंभी बंगळूरच्या सायबरस्केप मल्टिमीडिया या कंपनीने आपले नऊ भारतीय लिप्यांचे आकृती फॉन्ट जीपीएलखाली खुले केले. व्यवसाय करणाऱ्या कंपनीने हे करावे याचे कौतुक आहे. २००४ मध्ये रेड हॅट कंपनीने लोहित ही फॉन्टमालिका जीपीएलखाली आणली. लोहित म्हणजे संस्कृतात तांबडा; कंपनीचे नाव 'तांबडी टोपी', म्हणून हे बारसे. पुढे तिची देखभाल पुण्याच्या अभियंत्यांनी केली. परंतु इथे एक गमतीदार अडचण उभी राहिली. पीडीएफ फाईल करताना फॉन्टच्या आकृती त्या फाईलमध्येच भरल्या जातात. मग फॉन्ट जीपीएलचा असेल, तर तो पोटात घेतलेले आपले पुस्तकही जीपीएलचे झाले काय? प्रोग्रॅमसाठी लिहिलेला परवाना फॉन्टला लावला की असे होते. त्यावर उपाय म्हणून जीपीएलबरोबर एक अपवादाचे कलम जोडण्याची प्रथा पडली. दरम्यान एसआयएल या संस्थेने केवळ फॉन्टसाठी निराळा परवाना लिहिला, ओएफएल, त्याची १.१ ही आवृत्ती २००७ ची. लोहित फॉन्ट २०११ मध्ये त्या परवान्याखाली गेले.

ओएफएलच्या अटी काकूंनाही समजाव्यात इतक्या सोप्या आहेत. फॉन्ट वापरा, बदला, वाटा, कोणत्याही सॉफ्टवेअरसोबत द्या. नुसता फॉन्ट सुटा विकू नका. बदल केलात तर तोही याच परवान्याखाली ठेवा. आणि मूळ लेखकाने नाव राखून ठेवले असेल तर बदललेल्या फॉन्टला ते नाव देऊ नका. शेवटची अट ऐकून तुम्हाला धूतपापेश्वरचा डबा आठवला असेल. या फॉन्टने छापलेले पुस्तक, पत्रिका, अहवाल यांवर मात्र परवान्याचे कोणतेही बंधन नाही. मुंबईच्या एक टाइप या मंडळींचे मुक्ता आणि बालू हे फॉन्ट याच परवान्याखाली आहेत. शाळेची पत्रिका छापायला आज चोरी करण्याचे कारणच उरलेले नाही.

तरीही सर्व सुरळीत झाले असे समजू नका. सभागृहात काही वकील बंधू दिसतात, त्यांच्यासाठी एक उदाहरण. इंग्रजी 'ॲ' साठी मराठीत स्वतंत्र अक्षर युनिकोडमध्ये आले ते एप्रिल २००८ मध्ये, ५.१ या आवृत्तीत. तोवर लोक 'अ' वर चंद्र काढून काम भागवीत. डोळ्यांना दोन्ही सारखीच दिसतात. संगणकाच्या लेखी ती भिन्न आहेत. त्यामुळे तुमच्या अशिलांच्या यादीत 'ॲड.' शोधलेत तर 'अॅड.' असे लिहिलेली नावे सापडणारच नाहीत, आणि ती नावे यादीत नाहीत असा तुमचा समज होईल. परवाना निर्दोष, फॉन्ट निर्दोष, तरीही विसंगती. याला उपाय एकच, जुन्या फायली एकदा तपासून एकसारख्या करून घेणे.

आजचा काळ अधिक गुंतागुंतीचा आहे. तेव्हा सीडी होती, हातात धरता येत होती. आज प्रोग्रॅम दूरच्या संगणकावर चालतो आणि आपण केवळ त्याचे तोंड पाहतो. प्रत हाती दिलीच नाही तर जीपीएलची अट लागू कशी व्हावी? या पळवाटेसाठी २००७ मध्ये एजीपीएल हा वेगळा परवाना आला. जाळ्यावरून वापरू देणाऱ्यानेही मूळ लिखाण द्यावे असे तो सांगतो. दुसरे असे की, आजचा एखादा साधा ॲप शेकडो आयत्या घटकांनी बनलेला असतो. डिसेंबर २०२१ मध्ये लॉगफोरजे या एका छोट्या घटकात गंभीर दोष सापडला, तेव्हा जगभरच्या कंपन्या आपल्या उत्पादनात तो आहे की नाही हेच आधी शोधत बसल्या. आपल्या देशाच्या सर्ट-इन या संस्थेने ऑक्टोबर २०२४ मध्ये सॉफ्टवेअरच्या घटकांची सूची ठेवण्याविषयी मार्गदर्शक सूचना काढल्या त्या याच अनुभवातून. गृहिणी डब्यामागची घटकांची यादी वाचते तसेच हे.

आपल्या संस्थांनी फार मोठे काही करायला नको. दोनशे पानी वही घ्या. प्रत्येक संगणकावर कोणता प्रोग्रॅम, कोणता फॉन्ट, कोठून आला, कोणत्या परवान्याखाली, पावती कोठे, एवढे लिहा. एका दुपारचे काम आहे. यंदा ते करण्यास एक निमित्तही आहे. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा नियमित आधार संपला आणि अनेक जुन्या संगणकांवर ११ बसत नाही. हे संगणक भंगारात घालण्यापूर्वी त्यांवर लिनक्स आणि लिबरऑफिस बसवून पाहा. वाड्यावस्त्यांवरच्या शाळांना ते आणखी काही वर्षे उपयोगी पडतील. मात्र नेण्याआधी त्यांवरचे जुने फॉन्ट काढून टाका. मी अनुभवाने सांगतो!

त्या सीडींचे पुढे काय झाले? फॉन्टच्या कंपनीला आम्ही क्षमापत्र लिहिले आणि सर्व सीडी परत मागवून घेऊ असे कळवले. दोन महिने दर रविवारी आम्ही पाळीपाळीने शाळाशाळांतून हिंडलो. गुरुजींना तोंडी जाऊन खरे काय ते सांगितले. ते म्हणाले, "पोरांसमोर हे सांगाल का?" सांगितले. सातवीच्या मुलांसमोर उभे राहून 'आम्ही चुकलो' म्हणणे सोपे गेले नाही. मग वर्षभराने तो प्रोग्रॅम पुन्हा पहिल्या ओळीपासून लिहिला, युनिकोडवर, खासगी घटक न घेता, आणि मूळ लिखाण त्याच सीडीवर घातले. 'दुसऱ्या' मधील 'ऱ्य' दुरुस्त केला तो गुरुजींच्या त्या माजी विद्यार्थ्याने. त्याचे नाव प्रोग्रॅमच्या लेखकांत पहिले आहे.

बाहेर जाताना दाराशी एक टेबल मांडले आहे. तेथे ओएफएलखालील मराठी फॉन्ट, लिबरऑफिस आणि तो प्रोग्रॅम पेनड्राइव्हवर उतरवून मिळेल. सोबत प्रत्येकाच्या परवान्याचा छापील कागद आहे, तो वाचूनच घ्यावा. ज्यांच्या संस्थेचे जुने लिखाण श्रीलिपी किंवा आयएसएममध्ये अडकले आहे, त्यांनी आपले नाव तिथल्या वहीत लिहावे. युनिकोडमध्ये रूपांतर करून देण्यास आमची मुले तयार आहेत. आणि २००४ सालची ती निळ्या पाकिटातील सीडी आपल्यापैकी कोणाच्या कपाटात अजून असेल, तर तीही कृपया त्याच टेबलावर आणून द्यावी. चाळीसपैकी सहा अद्याप परत यायच्या आहेत.